क्लेच्या हारातला एक खरा दाणा

मी चाळीस वर्षं कवळ्या केल्या. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे आणि पनवेलच्या माझ्या दहा बाय बाराच्या लॅबमध्ये बसून मी त्या मापावर दात बसवायचो. पेशंट मला कधी दिसायचा नाही, त्याचा जबडा दिसायचा. त्यामुळे गावातली अर्धी माणसं मी चेहऱ्याने ओळखत नाही, त्यांनी तोंड उघडलं की ओळखतो. लग्नाच्या पंगतीत समोरचे आजोबा जिलबी चावायला लागले की मला कळतं, हे माझं काम. ते नीट चावत नसतील तर मला जेवण जात नाही. बायको म्हणते, लोकांशी बोलताना तुम्ही डोळ्यांत का बघत नाही? काय बघायचं डोळ्यांत? डोळे सगळ्यांचे स्वतःचेच असतात.

मग कवळ्या कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या. मी लॅब बंद केली, हत्यारं पत्र्याच्या पेटीत भरून घरी आणली आणि दोन वर्षं नुसता बसून काढली. नुसता बसलेला पुरुष घरात किती जागा अडवतो, हे बायकोने मला या दोन वर्षांत रोज सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालं आणि सून दोन बॅगा कपडे आणि एक बॅग माती घेऊन घरात आली. माती म्हणजे पॉलिमर क्ले. ती द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. कुणाचा कंटेनर कुठे अडकलाय, हे दिवसभर फोनवर सांगते आणि रविवारी कानातली करते. क्ले मळायची, शेवयांच्या यंत्रासारख्या यंत्रातून तिचे पातळ पत्रे काढायचे, एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर चढवायचे, वरून रबरी ठसा दाबायचा, कापायचं आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजायचं. थंड झालं की टणक. पहिल्या रविवारी मी नाक मुरडलं. दुसऱ्या रविवारी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. तिसऱ्या रविवारी, "ठशाला आधी जरा पावडर लाव, चिकटणार नाही," असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच लावून दाखवा ना." मी दाखवलं. त्यानंतर ते टेबल दोघांचं झालं आणि माझी पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आली. मेण कापायची सुरी क्लेला इतकी छान चालते, की चाळीस वर्षं मी ती चुकीच्या धंद्यात वापरली असं मला वाटायला लागलं.

आता हलव्याचं सांगायला हवं. माझी बायको संक्रांतीला हलव्याचे दागिने करायची. परातीत खसखस घ्यायची, मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. तासन् तास, दिवसामागून दिवस. थंडी असेल आणि हात बसलेला असेल तर साखरेला काटा फुटतो. पनवेलच्या दमट हवेत तो सहजासहजी फुटत नाही, म्हणून ती पहाटे पाचला उठून बसायची. मग त्या दाण्यांचा हार, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा, आणि नवऱ्या मुलासाठी चक्क हलव्याचं घड्याळ. गेल्या चौतीस वर्षांत आमच्या इमारतीत जितक्या नव्या सुना आल्या, त्या सगळ्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसून, तिने केलेले दागिने घालून पाटावर बसल्या.

दर वर्षी पहिल्या घाण्यातला पहिला दाणा ती माझ्या तळहातावर ठेवायची. मी तो खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघायचो, तोंडात टाकायचो आणि म्हणायचो, "काटा जरा कमी आहे." चौतीस वर्षं हेच. काही वर्षी काटा अजिबात कमी नसायचा. पण चांगल्या कामाला लगेच चांगलं म्हटलं की कारागीर बिघडतो, असं मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं आणि तो नियम मी घरात लावत होतो. गाढवपणा, दुसरं काय.

आमच्याकडे करंज्याहून एक कोळीण मासे घेऊन येते. वीसेक वर्षं येतेय. यंदा संक्रांतीच्या महिनाभर आधी ती आली तेव्हा बायको अंघोळीला गेली होती, म्हणून दार मी उघडलं. तिने दारातच पापलेट कापायला घेतलं. आमच्याकडे मासा बायको स्वतः कापते, दुसऱ्याने कापलेला तिला पसंत पडत नाही. मी घाईघाईने म्हटलं, "अहो, कापू नका, ती रागवेल."

कोळणीने कोयता थांबवून माझ्याकडे पाहिलं. "दिवालीपासून मीच कापून देतंय. वयनीचा हात हालतंय ना. तुमाला म्हाईत नाय?"

"नाही."

"घरातच असता ना तुमी?"

मी पिशवी घेतली आणि आत आलो. अर्ध्या मिलिमीटरने दात पुढे आला तर माझ्या नजरेतून सुटत नाही अशी माझी ख्याती होती. त्या दिवसापासून मी बघायला लागलो तर सगळं समोरच होतं. बायको चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होती. दारात रांगोळीच्या जागी चिकटवायची नक्षी आली होती. सुईत दोरा सून ओवून देत होती. मला वाटायचं, सासू-सुनेचं बरं जमलंय.

संध्याकाळी मी विचारलं. ती आधी कोळणीवर चिडली, मग माझ्यावर चिडली, आणि मग पलंगाच्या कडेला बसली. "डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळ्या चालू आहेत. याने कुणी मरत नाही म्हणाले. पण हलवा नाही व्हायचा आता. पाक परातीत पडतच नाही, गॅसवर पडतो." थोड्या वेळाने म्हणाली, "सगळ्यांच्या सुनांना घातले. माझ्या सुनेला दुकानातले, थर्माकोलवर चिकटवलेले घालू? आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या इमारतीतल्या सतरा जणी विचारतील, काय हो, यंदा घरचे नाहीत? काय सांगू?" आणि ती रडली. ती रडायला लागली की मला काय करायचं ते आजतागायत कळलेलं नाही. म्हणून मी म्हटलं, "मी करतो."

पहिले तीन दिवस मी खरा हलवा करायचा प्रयत्न केला. ती शेजारी बसून सांगत होती, मी करत होतो. जे झालं ते आम्ही उलथन्याने परातीतून खरवडून काढलं. माझ्या बोटांना प्लॅस्टरची सवय. प्लॅस्टर आपलं आपण बसतं, पाकाला लाडीगोडी लावावी लागते. चौथ्या दिवशी माझी नजर सुनेच्या टेबलावरच्या पांढऱ्या क्लेवर गेली. मी बायकोला म्हटलं, "लोक चाळीस वर्षं माझे खोटे दात खरे समजून बोलले, हसले, जेवले. त्यापुढे हलवा काय चीज आहे?"

तिने क्लेचा एक तुकडा उचलून बोटांत दाबून बघितला. मग म्हणाली, "कुणाला कळता कामा नये. सुनेला तर मुळीच नाही."

म्हणजे सुनेच्या टेबलावर, सुनेच्या क्लेने, सुनेच्या ठशांनी, सुनेच्या ओव्हनमध्ये दागिने करायचे, आणि ज्या बाईचा अख्खा रविवार या मातीत जातो, नेमकं तिलाच फसवायचं. आज लिहिताना यातला मूर्खपणा मला लख्ख दिसतो. तेव्हा आम्हाला दोघांनाही तो फार हुशारीचा बेत वाटला होता.

सून आठ वाजता बाहेर पडायची. सव्वाआठला आम्ही दाराला आतून कडी लावायचो. बायकोच्या बाटलीत गेल्या वर्षीच्या हलव्याचे मोजून पाच दाणे उरले होते. त्यातले चार मी कच्च्या क्लेच्या दोन जाड वड्यांमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून दाबले आणि त्या वड्या भाजल्या. झाला काट्यांचा ठसा. मग दाणा करायचा तो थरांनी. आत पांढरा गोळा, वर अर्धपारदर्शक क्लेचा पातळ पापुद्रा, म्हणजे साखरेसारखा उजेड आतून आल्यासारखा वाटतो. तो दाणा दोन ठशांच्या मध्ये हलक्या हाताने फिरवला की चहूबाजूंनी काटा. हाराच्या पदकासाठी तीन थरांची चकती कापली आणि तिच्यावर सुनेच्या डब्यातला कोयरीचा ठसा दाबला. खोटं बोलत नाही, ती चकती बघून माझं मलाच कौतुक वाटलं.

बायको चष्मा लावून तपासणीला बसायची. ती एक दाणा उचलायची, खिडकीशी न्यायची, फिरवायची आणि म्हणायची, "काटा जरा जास्त आहे." मी दुसरा करायचो. "हा फार सारखा आहे, यंत्रातून काढल्यासारखा." आता हे मला कळायला हवं होतं. एखादा दात किंचित वाकडा बसवल्याशिवाय कवळी खरी दिसत नाही, हे मीच नव्या मुलांना शिकवत आलो. मग मी काही दाण्यांचे काटे मुद्दाम नखाने मोडले. एका दुपारी मी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि ती एकेक दाणा उचलून उजेडात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे." चौतीस वर्षं माझं ऐकून घेतल्यावर तिच्याकडून तेवढंच मिळणार होतं. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

एक गोष्ट तेव्हा मला विचित्र वाटली होती. सुनेची पांढरी क्ले काही संपेना. मी रोज पाकीट रिकामं करायचो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भरलेलं पाकीट असायचं. मला वाटलं, हल्ली मोठी पाकिटं येत असतील.

संक्रांतीच्या चार दिवस आधी भाजलेले दाणे गॅलरीत ताटांमध्ये मांडले होते. कोळीण आली, आत डोकावली आणि माशाच्या अंड्यांसारखे ते दाणे बघून म्हणाली, "ही कसली गाबोली मांडलंय?"

"हलवा आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका सरळ होता की मीसुद्धा क्षणभर फसलो.

कोळणीने एक दाणा उचलला, नखाने वाजवला आणि परत ठेवला. जाताना दारात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "माशी बसत नाय त्याच्यावर. गोडाला माशी बसतंय."

बायकोने ते ऐकलं आणि तिचा धीर सुटला. माशी नाही, मुंगी नाही, असला कसला हलवा? खऱ्या हलव्याची ताटं आमच्याकडे मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत ठेवलेली असतात. तिने लगेच क्लेची ताटंही पाण्यात ठेवायला लावली. जिथे एकही मुंगी फिरकणार नव्हती तिथे आम्ही दोघं परातीत पाणी ओतत होतो. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. म्हणाली, "सून विचारेल, यंदा मुंग्या कशा नाहीत." कुठली सून असं विचारते? पण भीती बसली की माणसाला काहीही सुचतं. शेवटी मी साखरेचा पातळ पाक केला आणि ब्रशने सगळ्या दाण्यांवर एक हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून मुंग्यांची रांग आली, परातीच्या काठावर थांबली आणि पाण्याकडे बघत बसली. बायको आणि मी ती रांग बघून इतके खूश झालो की चहा गॅसवर उतू गेला.

आता राहिला एकच धोका, तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी. मावशी आमच्या इमारतीत सगळ्यांत मोठ्या. नव्या सुनेच्या हारातला पहिला दाणा मावशींनी तोडून खायचा, "गोड आहे हो" म्हणायचं, आणि मगच बाकीच्यांना वाण द्यायचं, अशी प्रथा त्यांनी स्वतःच पाडलेली. त्यांच्या वरच्या दातांची कवळी माझ्या हातची आहे. बाटलीतला पाचवा, खरा दाणा आम्ही त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता. तो हारात लाल दोऱ्याने सैलसा बांधायचा, ओढला की सुटेल असा. बायको म्हणाली, "उजवीकडे बांधा. मी मावशींना उजवीकडेच बसवते." मी उजवीकडे बांधला.

इथे चूक झाली. आमच्या धंद्यात उजवी बाजू म्हणजे पेशंटची उजवी, समोरून बघणाऱ्याची नव्हे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर "उजवा सुळा" लिहिलं असेल आणि तुम्ही स्वतःची उजवी धरलीत तर कवळी फुकट जाते. चाळीस वर्षांत मी दुसरी उजवी बाजू मानलेली नाही. मी दाणा सुनेच्या उजव्या खांद्याशी येईल असा बांधला. बायको मात्र हार समोरून बघत होती.

हळदीकुंकवाच्या दिवशी सून काळी साडी नेसून पाटावर बसली. बायकोने दागिने घालायला घेतले. बिंदीचा आकडा तिला लावता येईना, तेव्हा सुनेने मान खाली घातली आणि स्वतःच लावून घेतला, जणू तसाच रिवाज असावा. हार घालताना सुनेने पदकाला बोट लावलं, एकदाच, आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आवडलं वाटतं तिला. मुलाच्या मनगटावर क्लेचं घड्याळ बांधलं. त्याने किती वाजले म्हणून त्यात बघितलंसुद्धा. अशा माणसाची काही भीती नव्हती.

हळदीकुंकवाला पुरुषाचं काम नसतं. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड मसाला दुधाचे पेले भरत उभा होतो आणि फटीतून बघत होतो. सतरा जणी आल्या. कोळीणही हिरवीगार साडी नेसून आली होती. सगळ्या म्हणाल्या, "काय काटा आलाय हो यंदा!" बायकोचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. मला आतून बघवेना. मग मावशी पुढे आल्या आणि बायकोने त्यांना पाटाच्या उजव्या बाजूला बसवलं. बायकोच्या उजव्या.

माझ्या हातातला पेला कलंडला. मी तिला खूण करायला पडद्यातून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला. एका बाईला वाटलं मी दूध घेऊन जायला बोलावतोय. ती पेला घेऊन गेली.

मावशींनी हारातला दाणा धरून ओढला. तो कशाला येतोय? नायलॉनच्या दोऱ्यात ओवून मी दर चार दाण्यांना गाठ मारली होती. त्यांनी पुन्हा ओढला. सून पाटावरून पुढे झुकली. मावशी हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या वाकल्या, हार सुनेच्या गळ्यात असतानाच त्यांनी दाणा दातांत धरला, त्यावरचा माझा पाक त्यांच्या जिभेला लागला आणि त्या दात न उघडताच म्हणाल्या, "गोड आहे हो!"

आणि चावल्या.

तो आवाज मी हजार आवाजांत ओळखेन. कवळीच्या ॲक्रिलिकचा आवाज होता. कवळी सुटली, सुनेच्या साडीवरून घरंगळली आणि कुंकवाच्या करंड्यात जाऊन पडली. मी पडदा सारून, सतरा बायकांच्या मधून चालत गेलो, करंड्यातून कवळी उचलली, उजेडात धरली आणि म्हणालो, "डावा सुळा गेला." मग सवयीने हारातला दाणा बघितला. त्याला ओरखडाही नव्हता. दोन्ही कामं माझीच होती, आणि सांगायला लाज वाटते, पण एका क्षणापुरता मला अभिमान वाटला.

"हा हलवा आहे की फरशी?" मावशींनी तोंडावर पदर धरून विचारलं.

कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. कारण तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकोच्या हातात ताटातला चमचा खडखडत होता. तो आवाज थांबेना. सगळ्या तिच्या हाताकडे बघायला लागल्या. महिनाभर आम्ही जे झाकण्यासाठी एवढा उपद्व्याप केला, ते त्या एका चमच्याने सगळ्यांना सांगून टाकलं.

"हलवा नाही तो," ती म्हणाली. "क्ले आहे. यांनी केलाय. माझ्या हाताने आता होत नाही."

"माशी बसत नवती तवाच मी बोलले," कोळीण म्हणाली, आणि उठून तिने बायकोच्या हातातलं ताट स्वतःकडे घेतलं.

सून पाटावरूनच म्हणाली, "आई, मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून."

"कसं?" मी विचारलं. मला खरंच प्रश्न पडला होता.

"बाबा, पदकावर माझाच कोयरीचा ठसा आहे. आणि रोज रात्री डब्यात पांढरी पाकिटं कोण भरत होतं असं वाटलं तुम्हाला?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला दोघांना मला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मला कळलंच नाही."

बायको वळली आणि आत गेली. आता ती रडणार, आणि मला पुन्हा काय करायचं ते कळणार नाही, म्हणून मी हातात कवळी घेऊन तिथेच उभा राहिलो. पण ती परत आली. तिच्या हातात एक पितळी डबी होती. तिने ती पाटाजवळ ठेवून उघडली. आत वीस-बावीस दाणे होते. वेडेवाकडे, लहानमोठे, गुळगुळीत. एकालाही काटा नव्हता.

"रोज पहाटे बसत होते," ती म्हणाली. "म्हटलं, एखाद्या दिवशी येईल काटा. तो काही आला नाही."

ती रोज पहाटे पाचला उठत होती, चमच्यातला पाक अर्धा गॅसवर सांडत होती, ओटा पुसून पुन्हा येऊन माझ्या शेजारी झोपत होती. सव्वाआठला माझ्याबरोबर टेबलापाशी बसून माझे काटे तपासत होती. घरातच असता ना तुमी, असं कोळणीने मला विचारलं होतं. घरातच होतो मी.

सुनेने पाटावर बसल्या बसल्या हात पुढे केला. बायकोने दाणा उचलला, तो बोटांतून निसटला, तिने दुसरा उचलला. तेव्हा सुनेने दुसरा हातही खाली धरला. मग सगळ्यांनी तसंच केलं. एकेक जण येत होती, दोन्ही तळवे जोडून डबीच्या अगदी जवळ धरत होती, आणि दाणा कुठेही पडला तरी हातातच पडत होता. मावशींनी बोळक्या तोंडात दाणा घोळवला आणि म्हणाल्या, "हा बरा आहे गं. हिरड्यांना टोचत नाही." कोळणीने दोन घेतले. एक तिथेच खाल्ला, एक पदराच्या गाठीत बांधला.

मावशींची कवळी मी त्याच संध्याकाळी पेटीतला जुना सुळा बसवून दुरुस्त करून दिली. त्यांना दुसऱ्या दिवशी आणखी दोन ठिकाणी हळदीकुंकवाला जायचं होतं. वरचा पाक पुसून क्लेचा हार सुनेने जपून ठेवलाय. त्याला मुंग्या लागत नाहीत आणि तो कधी संपणारही नाही. त्यातला एक खरा दाणा अजून तसाच आहे, सुनेच्या उजव्या बाजूला.

पण त्या दिवशी बायका निघून जायच्या आधी, चपला शोधत असताना, बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डबीत एक दाणा उरला होता. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला. या खेपेला मी दुसरा हातही खाली धरला होता.

"बघा," ती म्हणाली.

मी तो खिडकीशी नेला. बाहेर थोडा उजेड होता. दाणा फिरवून फिरवून बघितला आणि तोंडात टाकला. गोळा गुळगुळीत होता, कुठेही काही टोचलं नाही.

"काटा बरोबर आहे," मी म्हणालो.

"चौतीस वर्षं कमी होता," ती म्हणाली. "आणि आज बरोबर?"

"तेव्हाही बरोबरच होता," मी म्हणालो. दारात सगळ्या थांबल्या होत्या आणि ऐकत होत्या, पण मी आवाज कमी केला नाही. "दर वर्षी बरोबर होता."

ती रिकामी डबी बंद करायला लागली. झाकण तिला लागेना, ते मी लावून दिलं.